शहाणपण वाटून टाकणारे डॉक्टर

लेकराला जुलाब लागले की आजही अनेक दवाखान्यांत पहिली मागणी एकच असते, ‘डॉक्टर, सलाईन लावा.’ लेकरू पाणी पिऊ शकत असतं, घरात मीठ-साखर असते, मेडिकलमध्ये ओआरएसची पुडी मिळत असते. तरीही सुई टोचल्याशिवाय किंवा बाटली लावल्याशिवाय इलाज झाल्यासारखं वाटत नाही. बरं करणं हे डॉक्टरचं काम, आपलं काम फक्त पैसे मोजायचं, असं आपण जणू ठरवूनच टाकलं आहे.

या समजुतीला आपल्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी दोन डॉक्टरांनी धक्का दिला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ते पती-पत्नी, आणि ठिकाण होतं जामखेड. त्यांना मिळालेले मोठे पुरस्कार अनेकांना माहीत आहेत. पण त्यांचं खरं धाडस वेगळंच होतं. वैद्यकशास्त्रातलं जे ज्ञान डॉक्टर सहसा स्वतःजवळ ठेवतात, ते त्यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या हाती सोपवलं आणि त्या बायकांनी आपापल्या गावांतली लेकरं वाचवली.

वेल्लोर ते जामखेड

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४चा, नगर जिल्ह्यातल्या शिक्षक दाम्पत्याच्या घरातला. मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५चा, जबलपूरचा. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९६०मध्ये विवाहबद्ध झाले. खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरलं होतं.

सुरुवातीची काही वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातच, वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. रुग्णालय छोटं आणि रुग्णांची रीघ मोठी. तिथे त्यांना एक गोष्ट सतत खटकत राहिली. जुलाबाने सुकलेलं लेकरू बरं करून घरी पाठवावं, तर काही आठवड्यांनी तेच लेकरू पुन्हा दारात. कारण पाणी तेच, घर तेच, उपासमार तीच. येणारे बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि ते टाळण्याची जागा रुग्णालयाच्या आत नव्हती, गावात होती.

पुढच्या शिक्षणासाठी दोघं अमेरिकेला गेले. रजनीकांत यांनी शस्त्रक्रियेचं आणि मेबल यांनी वैद्यकशास्त्राचं प्रशिक्षण घेतलं. नंतर दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथेच राहिले असते तर सुखाने राहिले असते. १९७०मध्ये ते परतले आणि त्यांनी जामखेड निवडलं.

जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, बीड आणि धाराशिवला लागून असलेला तालुका. ज्या अहिल्यादेवींचं नाव आज जिल्ह्याला आहे, त्यांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, रस्ते नावापुरते. तिथे जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आरोळ्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. त्यातून उभा राहिलेला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प आज जगभर ‘जामखेड’ याच एका शब्दाने ओळखला जातो.

आधी पाणी, मग औषध

दवाखाना सुरू झाला आणि पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. मिलो आणि सुकडीच्या आठवणी जुन्या माणसांच्या मनात अजून आहेत. अशा वेळी डॉक्टरांनी गावकऱ्यांना विचारलं, ‘तुम्हाला काय हवंय?’ उत्तरात औषधाचं नाव नव्हतं. लोकांना हवं होतं पाणी आणि अन्न.

एखाद्या डॉक्टरने म्हटलं असतं, हे माझं काम नाही. आरोळ्यांनी ते आपलंच मानलं. गावोगावी शेतकरी मंडळं उभी राहिली, लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यात एक गोष्ट जाणूनबुजून केली गेली. हातपंपाची जागा शोधताना दलित वस्तीतल्या जागेला प्राधान्य देण्यात आलं. ज्या वस्तीतल्या माणसांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्याच वस्तीत आता सगळ्या गावाला घागर घेऊन यावं लागलं. पंपाचं पाणी विहिरीतल्या उघड्या पाण्यापेक्षा स्वच्छ, म्हणजे जुलाब कमी. आणि सगळं गाव एकाच पंपावर, म्हणजे विटाळाची रेघ थोडी पुसट. हा निर्णय एकाच वेळी वैद्यकीय होता आणि सामाजिकही.

शिकलेल्या नर्स टिकल्या नाहीत

प्रत्येक गावात प्रशिक्षित नर्स ठेवायची, ही सुरुवातीची योजना. कागदावर ती उत्तम होती, प्रत्यक्षात फसली. परगावची एकटी तरुणी खेड्यात मुक्कामाला राहायला कचरायची. गावातल्या बायकाही तिच्याशी मोकळेपणाने बोलायच्या नाहीत. तिची भाषा वेगळी, राहणी वेगळी, आणि लेकराला काय भरवावं हे सांगणारी ती स्वतः अजून आई झालेली नसायची.

मग पर्याय पुढे आला तो गावातल्या मंडळींशी झालेल्या चर्चेतून. गावातलीच, संसार केलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली बाई गावानेच निवडायची आणि तिला शिकवायचं. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी शाळेची पायरीही न चढलेल्या. अनेक जणी दलित किंवा मागास मानल्या गेलेल्या जातींतल्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. या झाल्या ग्राम आरोग्य सेविका.

दर आठवड्याला त्या जामखेडला येऊन राहायच्या. एकत्र शिकायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच ठिकाणी झोपायच्या. त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसणं, हाच मोठा धडा होता. चारचौघांत स्वतःचं नाव मोठ्याने सांगणं हा दुसरा. त्यानंतर शरीर, आजार, गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पुस्तकाऐवजी चित्रं आणि गाणी. एकीने गावात काय पाहिलं ते ती सांगायची, बाकीच्या त्यावर बोलायच्या. आठवड्याचं शिक्षण आणि लगेच गावात त्याचा वापर, अशी ही शाळा वर्षानुवर्षं चालली. सेविकांना सरकारी नोकरीसारखा पगार नव्हता, पण छोट्या उद्योगांसाठी मदत मिळे. त्यातून आलेल्या स्वतःच्या कमाईमुळे घरातही त्यांचा शब्द ऐकला जाऊ लागला.

साध्या ज्ञानामागचं विज्ञान

न शिकलेल्या बाईने लेकरू कसं वाचवायचं, असा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. उत्तरासाठी त्या काळी मुलं कशाने मरत होती, ते पाहावं लागेल.

पहिलं कारण जुलाब. जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा जंतूमुळे थेट नाही, तर शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ‘पाणी पाजलं तर जुलाब वाढतील’ म्हणून लेकराचं पाणी तोडायची रीत होती, म्हणजे नेमकं उलटं. आपल्या आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकत्र शोषून घेणारी एक यंत्रणा असते. जुलाब चालू असतानाही ती काम करत राहते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ जे करू शकत नाही, ते ठरावीक प्रमाणातलं मीठ-साखरेचं पाणी करतं. १९७१मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांच्याजवळचा सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा त्यांनी पटकीच्या रुग्णांना हेच पाणी मोठ्या प्रमाणावर पाजायला दिलं. पाजण्याचं काम नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हेच ज्ञान जामखेडच्या सेविकेने घराघरांतल्या चुलीपर्यंत नेलं.

दुसरं कारण नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ विळ्याने किंवा हाताला लागेल त्या धारेच्या वस्तूने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, अशी पद्धत. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच असतात. धुतलेले हात, नवं ब्लेड, उकळलेला दोरा आणि गर्भारपणात आईला धनुर्वाताची लस, एवढ्यावर हा मृत्यू टळतो. या मार्गाने चालत भारताने २०१५मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन साधलं.

तिसरं कारण कुपोषण. ‘बाळ मोठं झालं तर बाळंतपणात अडेल’ म्हणून गर्भार बाईने कमी खायचं, बाळंतपणानंतरचा चीक टाकून द्यायचा, बाळाला वरचं अन्न उशिरा सुरू करायचं, या रूढी होत्या. सुरुवातीच्या चिकात बाळाचं रोगांपासून रक्षण करणारे घटक असतात, तो बाळाची पहिली लसच म्हणायला हरकत नाही. पण हे गावातल्या आजीबाईला पटवायचं कोणी? पांढरा कोट घातलेला परका माणूस सांगून गेला तर बायका मान डोलवायच्या आणि घरी गेल्यावर जुनंच करायच्या. शेजारच्या बाईने आपल्या सुनेच्या बाळंतपणात तसं करून दाखवलं, की मग पटायचं.

कुष्ठरोग आणि क्षयाचंही तसंच. त्वचेवरचा बधिर चट्टा किंवा लांबलेला खोकला सगळ्यात आधी दिसतो तो शेजाऱ्यालाच. लवकर ओळखलं आणि औषध पूर्ण घेतलं तर कुष्ठरोगात विकृती येत नाही. सेविकेने संशयित रुग्ण ओळखायचा, धीर द्यायचा, दवाखान्यात न्यायचं आणि औषध मध्येच सुटू द्यायचं नाही. अवघड बाळंतपण, शस्त्रक्रिया, गंभीर आजार मात्र जामखेडच्या रुग्णालयात. कोणतं काम आपलं आणि कोणतं डॉक्टरचं, हे कळणं हा तिच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होता.

आकडे काय सांगतात

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१मध्ये तिथल्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्या वर्षी देशाचा दर १२९ होता, म्हणजे जामखेडची स्थिती त्याहूनही वाईट. १९७६पर्यंत हा आकडा ५२वर आला, १९९६मध्ये २६वर. पहिल्या पाच वर्षांतली घसरण सगळ्यात मोठी, आणि त्या काळात तिथे कोणतंही महागडं यंत्र आलेलं नव्हतं.

प्रकल्पाने स्वतः केलेल्या नोंदींवर किती विसंबायचं, हा प्रश्न रास्त आहे. २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जामखेडच्या प्रकल्पातली गावं आणि त्याच भागातली इतर गावं यांची तुलना केली गेली. पहिला महिना पार केलेल्या बाळांचा पाच वर्षांच्या आत मृत्यू होण्याचा धोका प्रकल्पातल्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंबाबत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा रस्ताही महाराष्ट्रातच सापडला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर प्रतिजैविक द्यायला शिकवलं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंमध्ये सुमारे ६२ टक्क्यांची घट नोंदली गेली. जामखेड आणि गडचिरोलीच्या पद्धती वेगवेगळ्या, पण दोघांचा विश्वास एकच, की गावातली बाई हे शिकू शकते आणि करू शकते.

झुंबर आणि दिवा

जामखेडची दखल जगाने लवकर घेतली. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या निवडक आरोग्यप्रकल्पांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८मध्ये अल्मा-अटा इथल्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागे अशाच प्रयोगांचं बळ होतं. १९७९मध्ये आरोळे दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये पद्मभूषण.

तरी या कामाचं सार सांगावं ते जामखेडच्याच एका सेविकेने. १९८८मध्ये मुक्ताबाई पोल वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झगमगती झुंबरं होती. त्यांनी तिकडे बोट दाखवलं आणि डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली : देखणी, पण महाग आणि लांब. मग पिशवीतून दोन साधे वातीचे दिवे काढले. एक पेटवला आणि त्याच्या ज्योतीने दुसरा. झुंबर दुसरं झुंबर पेटवू शकत नाही, दिवा दिव्याला पेटवतो, असा त्यांचा आशय होता. आम्ही आरोग्य सेविका या दिव्यांसारख्या, असं त्यांना म्हणायचं होतं.

डॉ. मेबल आरोळे १९९९मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत आरोळे २०११मध्ये. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि चिरंजीव रवी यांनी काम पुढे चालवलं. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही योजना आली, तेव्हा गावातल्याच बाईला आरोग्याचं शिक्षण देण्याची ही कल्पना देशभर पोहोचली. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला.

पण गौरव एका बाजूला आणि गावातला अनुभव दुसऱ्या बाजूला. आशाताई दारात आली की आपण तिला रजिस्टर भरायला आलेली बाई समजतो. ती बाळाची चौकशी करते तेव्हा घाईघाईत ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतो. जामखेडच्या सेविकांचं काम चाललं, कारण गावाने त्यांना निवडलं होतं आणि दर आठवड्याला त्यांना नवं शिकायला मिळत होतं. नुसती पुस्तिका आणि उद्दिष्टं हाती देऊन तो विश्वास तयार होत नाही. आशाताईला वेळेवर मोबदला, नियमित शिक्षण आणि गावाची साथ मिळते का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा. तो आपल्याच लेकरांच्या जिवाशी जोडलेला आहे.

आपल्या घरासाठी

जुलाब लागल्यास : ओआरएसची पुडी त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, त्यामुळे अंदाजाने टाकू नये. तयार पाणी २४ तासांत संपवावं, उरलं तर ओतून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने थोडं थोडं पाजावं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नये. डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

लगेच दवाखान्यात न्यावं : मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नसेल, प्यायलेलं सगळं उलटत असेल, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त पडलं तर. अशा वेळी सलाईनची गरज असू शकते आणि तिथे उशीर नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला जुलाब असतील तर घरी वाट न पाहता दाखवून घ्यावं.

बाळंतीण घरी आली की : दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईच्या सहा घरभेटी ठरलेल्या असतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या होतात का, हे पाहावं. तिला बसायला सांगावं, बाळाचं वजन तिच्यासमोर करून घ्यावं आणि मनातल्या शंका विचाराव्यात.